सूर-शंका : नटाच्या गळ्यावर बेतलेला वाद्यवृंद

मागच्या अंकात साठच्या दशकातल्या, नटांनी गायलेल्या मोठ्या इंग्रजी गाण्यांवर दोन पानं दिली होती. मुख्य उदाहरण १९६८ सालचं ‘मॅकआर्थर पार्क’. शब्द, चाल आणि वाद्यसंयोजन जिमी वेब यांचं, गायक आयरिश नट रिचर्ड हॅरिस, लांबी सात मिनिटं एकवीस सेकंद. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचा हंगाम तोंडावर असल्यानं बहुतेक पत्रं ‘हे आपल्या मंचावर कसं बसवायचं’ हेच विचारतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ज्याला धड गाता येत नाही त्याच्यामागं एवढी वाद्यं काहून लावली? तेवढ्या पैशात चांगला गायक नसता का मिळाला? (आर्वी)

चांगले गायक मिळत होते. वेब यांनी हे गाणं आधी ‘दि असोसिएशन’ या वृंदगायकांच्या गटासमोर ठेवलं होतं. ते सुरात पक्के, चार-पाच गळे एकत्र लावणारे. त्यांनी ते घेतलं नाही. वेब तेव्हा एकवीस वर्षांचे होते, पण ‘अप, अप अँड अवे’ आणि ‘बाय द टाइम आय गेट टु फीनिक्स’ ही दोन गाजलेली गाणी त्यांच्या नावावर होती. हॅरिस नुकतेच ‘कॅमेलॉट’ चित्रपटात आर्थर राजा झाले होते आणि त्यात गायलेही होते.

गाता न येणं वेगळं आणि गळ्याला मर्यादा असणं वेगळं. हॅरिस यांचा आवाज लांब स्वर टिकवत नाही, वर गेला की ताणतो, पण शब्द असा टाकतो की ऐकणारा थांबतो. वेब यांनी ही मर्यादा मोजून लिहिलं. नटाचा स्वर संपायच्या आत व्हायोलिनं तो उचलतात, म्हणून तो तुटलेला कळत नाही. गाणं चार भागांचं, त्यात तिसरा भाग तर निव्वळ वाद्यांचा आहे. मिनिटभराहून जास्त वेळ नट गप्प, आणि चौथ्या भागात तोच मुखडा ताज्या दमानं परत.

हे ध्वनिमुद्रणाच्या क्रमातही दिसतं. १९६७ च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या स्टुडिओत आधी पाया बांधला : ड्रम हॅल ब्लेन, बास जो ऑसबोर्न, कळफलक लॅरी नेख्टेल, आणि हार्पसिकॉर्डवर (तारा छेडणारं, पियानोसारखं जुनं वाद्य) खुद्द वेब. मग तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, पितळी वाद्यं त्यावर चढवली. म्हणजे कापड आणि माप दोन्ही वेब यांच्याच हातात. अमेरिकेत गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये चौथ्या. ग्रॅमी मिळाली ती गायनाला नव्हे, वाद्यसंयोजनाला. आमच्या मते निकाल अगदी बरोबर होता. (हॅरिस सगळीकडं ‘मॅकआर्थर्स पार्क’ म्हणतात. वेब यांनी लिहिलं होतं ‘मॅकआर्थर पार्क’. तबकडीवर हॅरिस यांचा उच्चार तसाच राहिला आहे.)

प्रश्न : आमचा मुख्य नट काळी दोनवरच गाईन म्हणतो. तालमीत जमते, प्रयोगात वरच्या सा ला फाटते. दरवेळी! काय करावं? (सिंदेवाही)

पट्टी (पेटीवरची जी कळ सा मानून गायचं ती; काळी दोन म्हणजे दुसरी काळी कळ) मानाची नसते हे त्यांना समजावणं तुमच्याकडे. माप कसं घ्यायचं ते आम्ही सांगतो.

तालीम संपल्यावर, म्हणजे तीन-चार तास संवाद बोलून झाल्यावर, त्यांना पेटीजवळ बसवा. सकाळच्या ताज्या गळ्याचं माप घेऊ नका, कारण प्रयोगात हे गाणं रात्री दीड-दोनला येणार आहे. खालचा कोणता स्वर खर्र न करता लागतो ते पाहा. मग वर चढत जा आणि जो स्वर चार ठोके न ओरडता धरता येतो तिथं थांबा. समजा, खालच्या सप्तकातली पांढरी सहा ते वरच्या सप्तकातली पांढरी दोन एवढं अंतर मिळालं. वरच्या टोकातून दोन पट्ट्या, म्हणजे एक काळी आणि एक पांढरी, वजा करा. राहिली वरची पांढरी एक. ही प्रयोगाची खरी हद्द.

आता चालीचं माप घ्या. तुमच्या पत्रातली चाल मंद्र (खालच्या) नी पासून तार (वरच्या) सा पर्यंत जाते. तार सा वरच्या पांढरी एकवर बसवला तर सा होतो मधल्या सप्तकातली पांढरी एक, आणि मंद्र नी पडतो खालच्या पांढरी सातवर. तो त्यांच्या आवाक्यात आहे, खाली थोडी जागाही उरते. काळी दोन घेतली तर तार सा येतो वरच्या काळी दोनवर. ती त्यांच्या टोकाच्याही एक पट्टी पलीकडे आहे, म्हणून तिथं दरवेळी फाटतं. नशिबाला दोष देऊ नका.

चाल दोन्हीकडून मापात बसत नसेल तर पट्टी बदलत बसू नका, चाल बदला. तार सा वरचा शब्द बोलून टाका आणि स्वर क्लॅरिनेटला द्या.

सात मिनिटांचा पसारा नको असेल तर सुरुवातीला नोएल हॅरिसन या नटानं १९६८ मध्ये गायलेलं, मिशेल लेग्रां यांच्या चालीचं ‘द विंडमिल्स ऑफ युअर माइंड’ ऐका. ते चित्रपटातलं होतं आणि त्याला ऑस्कर मिळालं. उड्या कमी, स्वर शेजारीशेजारी फिरतात, त्यामुळे नटाला सोपं वाटतं. अडचण श्वासाची आहे. चाल गोल फिरत राहते आणि दम घ्यायला फटच ठेवत नाही. वहीत शब्दांवर श्वासाच्या खुणा आधीच करून ठेवा, नाहीतर नट शब्दाच्या मध्येच दम घेतो.

प्रश्न : आमच्याकडं ऑर्गन, कीबोर्ड, क्लॅरिनेट, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड एवढंच. यात वाद्यवृंद कसा उभा करायचा? (देसाईगंज-वडसा)

पाच वाद्यं पुरतात. फक्त पाचही एकदम वाजायला नकोत.

आधी ऑर्गनबद्दल, कारण सगळ्यात मोठी सवय तिथं मोडावी लागते. नाट्यसंगीतात ऑर्गन गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवतो. गायक पक्का असेल तर ती शोभा. कच्च्या गळ्यासोबत त्याच सप्तकात तीच चाल वाजली की नटाचा स्वर किती खाली आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं, कारण तुलना करायला बरोबर स्वर शेजारीच वाजत असतो. म्हणून नट गात असताना ऑर्गनवर चाल बंद. सा आणि प, फार तर त्यात ग, लांब धरून ठेवा, आणि नटाच्या गळ्यापेक्षा एक सप्तक वर किंवा खाली. पहिल्या सोळा आवर्तनांत ऑर्गन गप्प राहिला तरी बिघडत नाही. पुढं तो आला की ‘वाढलं’ असं वाटतं.

कीबोर्डचा कळफलक मधल्या पांढरी एकवर दुभंगा : डावीकडे बास, उजवीकडे स्ट्रिंग्ज. उजव्या हातात एका वेळी दोनच स्वर. तीन-चार दाबले की मंडपाच्या भोंग्यांतून नुसती गुणगुण ऐकू येते. ‘स्लो स्ट्रिंग्ज’ हा आवाज घेऊ नका, तो दाबल्यावर उशिरा फुलतो आणि सगळा वृंद मागं पडल्यासारखा वाटतो. सुरुवातीच्या टिपटिप सुरांना हार्पसिकॉर्डचा आवाज बहुतेक कीबोर्डांत असतो. तयार ‘स्टाइल’ (कीबोर्डमधला आपोआप वाजणारा ताल) बंदच ठेवा. ती एकाच लयीत पळते आणि आपल्याला लय तीनदा बदलायची आहे.

क्लॅरिनेटनं फक्त नट दम घेतो तिथं बोलायचं, एक-दोन आवर्तनांची उत्तरं. तिसऱ्या भागात पुढारपण त्याचंच. पौषातल्या रात्री क्लॅरिनेट थंड पडला की सूर उतरतो, कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. गाण्याआधी पडद्यामागं दहा मिनिटं हळू फुंकून तो गरम करा, मगच कीबोर्डशी मिळवा. ढोलकी-तबल्याचंही तसंच, दव पडलं की पुडी ओल धरते. ऑक्टोपॅडला टिंपनी आणि झांजेचा फुलोरा. पण पूर्ण गाण्यात दोनच जागी. दर ओळीला धडामधूम केलं की तिसऱ्या भागासाठी काही उरत नाही.

आता हिशोब. चार मात्रांचं एक आवर्तन धरा. पहिला भाग मिनिटाला ६६ ठोके, ४० आवर्तनं : २ मिनिटं २५ सेकंद. दुसरा, अगदी हळवा, ६० ठोके, ३६ आवर्तनं : २ मिनिटं २४. तिसरा वाद्यांचा, १३२ ठोके, ४४ आवर्तनं : १ मिनिट २०. चौथा परत ६६ ठोके, २० आवर्तनं : १ मिनिट १३. बेरीज ७ मिनिटं २२ सेकंद. हे आकडे तबकडीचे नाहीत, तुमच्या पाच जणांसाठी बेतलेले आहेत. ६६ ची दुप्पट १३२ मुद्दाम ठेवली आहे.

गाणं फसतं ते सांध्यांवर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वाद्यं थांबवा, कीबोर्डनं एक स्वरजोडी धरून ठेवायची आणि नटानं एक ओळ बिनतालाची म्हणायची. तो थांबला की नवी लय. तिसऱ्यातून चौथ्यात येणं सोपं : प्रत्येक दुसरा ठोका मोजत राहा, आपोआप ६६ मिळते. दुसऱ्यातून तिसऱ्यात, ६० वरून १३२ वर, अंदाजानं उडी मारली तर तबलजी दीडशेवर जातो आणि क्लॅरिनेटची बोटं अडखळतात. ऑक्टोपॅडवाल्याच्या एका कानात मोबाईलच्या मेट्रोनोमचा ठोका द्या. त्यानं काठीवर काठी मारून आठ ठोके मोजून द्यायचे, तोवर बाकी सगळ्यांनी हात वर.

एक वेगळी सूचना. जनरेटरवर दिवे एकदम पेटले की व्होल्टेज बसतं आणि कीबोर्ड बंद होऊन नव्यानं सुरू होतो, आपली सगळी जुळवणी पुसून. सेलवर चालणारा असेल तर अ‍ॅडाप्टर लावलेला असतानाही आत ताजे सेल ठेवा.

प्रश्न : नॅन्सी सिनात्रा आणि ली हेझलवूड यांच्या ‘सम व्हेल्वेट मॉर्निंग’मध्ये बाई गायला लागल्या की ताल बदलल्यासारखा वाटतो. आमच्या भजन मंडळात दोघांना तसं करता येईल का? (दारव्हा)

कान बरोबर आहे. १९६७ च्या या गाण्यात पुरुषाचा भाग चार मात्रांचा आणि स्त्रीचा तीनचा. आपल्या भाषेत केरव्यातून दादऱ्यात, आणि शेवटी ही अदलाबदल भरभर होते. लिहिणारा हेझलवूड स्वतःच पुरुषाचा आवाज देतो. नॅन्सी सिनात्रा चित्रपटांतून कामं करणाऱ्या. संयोजन बिली स्ट्रेंज यांचं. दोन माणसं एकमेकांच्या जगात नाहीत हे तालातूनच सांगितलं आहे. सातच मिनिटं लागतात असं थोडंच आहे!

बसवताना आधी ठरवा : मात्रा सारखी ठेवायची की आवर्तन सारखं? भजनवाल्यांनी मात्रा सारखी ठेवावी. टाळ त्याच गतीत चालू राहतो, फक्त जोराचा ठोका चौथ्यानंतर न येता तिसऱ्यानंतर येतो. आवर्तन सारखं ठेवलं तर तीन मात्रा चारच्या जागेत ताणाव्या लागतात आणि टाळकरी हमखास चुकतात. तोंडानं सराव करा : ‘एक दोन तीन चार’ चार वेळा, मग ‘एक दोन तीन’ चार वेळा, खंजिरी फक्त ‘एक’वर. दहा मिनिटं न चुकता झालं की शब्द घाला. चूक होते ती बहुतेक परत येताना. तीनची गोडी लागते आणि चौथी मात्रा कोणी देतच नाही. परतीच्या पहिल्या आवर्तनात ढोलकीनं चौथ्या मात्रेवर मोकळी थाप द्यावी.

प्रश्न : जुन्या घरात ‘मॅकआर्थर पार्क’ची लाँग प्ले तबकडी सापडली. माळ्यावर टिनाखाली होती. वाकली आहे, शिवाय सूर चढा वाटतो. (मोर्शी)

सूर चढा असेल तर आधी वेग पाहा. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लावली तर सूर पाच पट्ट्यांहून थोडा जास्त चढतो. ते लगेच कळतं. थोडाच चढत-उतरत असेल तर वीज बघा. जुन्या काही यंत्रांच्या मोटारी व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या हर्ट्झवर फिरतात. जनरेटर ५० ऐवजी ५२ वर गेला की वेग चार टक्के वाढतो, म्हणजे अर्ध्या पट्टीहून जास्त. अमेरिकेतून आणलेलं ६० हर्ट्झचं यंत्र आपल्याकडे सहातला एक भाग हळू फिरतं.

वाकणं हे टिनाचं काम. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा तबकडीला पेलवत नाही. उन्हात ठेवून सरळ करायचा प्रयत्न करू नका, खाचा बसतात. दोन सपाट जाड काचांमध्ये, वर सात-आठ किलो सारखं वजन, घरातल्या सावलीत दोन-तीन आठवडे. थोडा वाक जातो. कडेची लाट बहुधा जात नाही. पुढं तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत कधीच नाही.

धुवायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, लिटरला भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ सुती कापड, खाचेच्या दिशेनं गोल. मधला कागद कोरडा ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं परत पुसा. बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसून चरचरतात. घरात जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्याही असतील तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

प्रश्न : आमच्या गावचे वसंतराव देशपांडे नट होते आणि गायकही. मग ही कल्पना आपल्याकडं आधीच नव्हती का? (मूर्तिजापूर)

होती, आणि साल पाहा : १९६७. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. तिकडे हॉलिवूडमध्ये ‘मॅकआर्थर पार्क’चा पाया घातला जात होता तेच वर्ष. पण दोन्हींची दिशा उलटी आहे. वसंतराव मुळात गवई. प्रयोगागणिक पद लांबवायची, आखडायची मोकळीक त्यांच्याकडे आणि साथ त्यांच्या मागं. हॅरिस यांना तशी मोकळीक मुळीच नाही. वाद्यांचा प्रत्येक ठोका आधीच कागदावर आणि फितीवर पक्का, त्यात नटानं स्वतःला बसवायचं. तुमच्या मंडळात कोण कोणाच्या मागं जाणार हे पहिल्या तालमीलाच ठरवा. अर्धं हे, अर्धं ते केलं की पहिल्याच सांध्यावर सगळे वेगवेगळे.

प्रश्न : माइक किती जवळ धरावा? आणि एको किती? (साकोली)

बोलल्यासारखं गाताना दोन बोटं अंतर. साधा डायनॅमिक माइक जवळून आवाजाला भरदारपणा देतो. जोराच्या ओळीला एक वीत मागं. नट मान हलवतो आणि हात हलवत नाही, तिथं आवाज गायब होतो. माइकचा हात छातीला टेकवून सराव करा. एकोला दोनच पुनरावृत्ती, आणि संवादात पूर्ण बंद. बोलकं गाणं शब्दांवर जगतं हे ‘माय फेअर लेडी’ चित्रपटाच्या वेळी रेक्स हॅरिसन यांनी ओळखलं होतं. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला ते तयार नव्हते, म्हणून बिनतारी माइक कपड्यांत लपवून त्यांचं गाणं चित्रीकरणातच थेट मुद्रित केलं. (वर नाव आलेले नोएल हे त्यांचेच चिरंजीव.)

प्रश्न : ‘मॅकआर्थर पार्क’ची चाल तीच ठेवून झाडीबोलीत शब्द लिहिले तर परवानगी लागते का? (ब्रह्मपुरी)

लागते. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं असतो. वेब हयात आहेत. भाषांतराचा हक्कही त्यातच येतो. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर सादर करायला सवलत आहे, पण तिकीट लावलेल्या मंडपाला ती मिळत नाही. बांधणी मात्र कोणाच्या मालकीची नसते. चार भाग, मधला वाद्यांचा, शेवटी मुखडा परत, एवढं घ्या आणि चाल-शब्द आपले लिहा. मूळ गाण्यातल्या, पावसात भिजलेल्या केकचं काय करायचं असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे, तर झाडीत केक कशाला? त्याची जागा घेणारी वस्तू तुमच्या नाटकातच शोधा. वेब यांनीही गाण्यातल्या वस्तू लॉस एंजेलिसच्या त्या बागेत डोळ्यांनी पाहिलेल्याच घेतल्या होत्या.